टिचकीचा हिशेब

मंडळी, 'टिचकी' हा शब्द माझ्या फार आवडीचा. मराठीत ब्लॉग लिहायला लागलेल्या पहिल्या पिढीनं 'क्लिक'साठी तो मुद्दाम शोधला की कुणाच्या तोंडून आपसूक निघाला, देव जाणे. पण तेव्हा जो तो 'इथे टिचकी मारा' असं लिहायचा. किती बोलका शब्द! टिचकी म्हणजे हलकं काम. कॅरमच्या सोंगटीला मारतात तेवढंच. मारणाऱ्याला श्रम नाहीत, खर्च तर नाहीच. त्यामुळे एखाद्या टिचकीचे पंधरा रुपये पडतात आणि ते मारणाऱ्याच्या नव्हे तर भलत्याच माणसाच्या खिशातून जातात, हे ऐकल्यावर मला नवल वाटलं. आणि ज्याच्या खिशातून जातात तो शेजाऱ्यावर संशय घ्यायला लागतो, हे पाहिल्यावर वाईट वाटलं.

आज त्याबद्दलच लिहिते आहे. विषय जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. मी मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. मला जेवढं समजलं तेवढं कुणालाही समजेल.

आधी थोडं आमच्या गावाबद्दल. खोपोली म्हणजे बोरघाटाचा पायथा. पूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी इथं थांबायची, माणसं उतरायची, वडापाव-चहा व्हायचा, गाडीच्या रेडिएटरला पाणी मिळायचं आणि मग घाट चढायचा. मुक्काम मात्र कुणी करायचं नाही. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि ते थांबणंही बरंच कमी झालं. पुढे २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू झालं. पावसाळ्यात धबधबे बघायला मुंबई-ठाण्याची गर्दी लोटायला लागली. महडच्या वरदविनायकाला येणारे भाविक तर आधीपासून होतेच. हळूहळू ज्यांच्याकडे जागा होती त्यांनी खोल्या काढल्या. कुणी चार, कुणी सहा. घरगुती जेवण, चुलीवरची भाकरी, मागे ओढा, अशी सगळी सोय.

माझ्या एका विद्यार्थिनीनं असाच व्यवसाय थाटला. तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. आता तीही पन्नाशी ओलांडलेली आहे, पण मला अजून दोन वेण्यांचीच दिसते. नवऱ्याची कारखान्यातली नोकरी गेल्यावर तिनं घरामागच्या जागेत चार खोल्या बांधल्या, त्याही कर्ज काढून. या धंद्याचं गणित सोपं आणि निष्ठुर आहे. आषाढापासून भाद्रपदापर्यंत जे मिळेल त्यावर वर्ष काढायचं. पावसातले बारा-तेरा शनिवार-रविवार हीच तिची सुगी.

गेल्या पावसाळ्यात तिच्या मुलानं इंटरनेटवर जाहिरात सुरू केली. रोजची मर्यादा तीनशे रुपये. त्याची पद्धत अशी: कुणी फोनवर 'खोपोलीजवळ राहायची सोय' असं काही शोधलं की वर तिची जाहिरात दिसणार. नुसती दिसली तर पैसे नाहीत. कुणी टिचकी मारून आत आलं तरच पैसे. तिच्या बाबतीत एका टिचकीचे सरासरी पंधरा रुपये पडत होते. म्हणजे वीस टिचक्या झाल्या की तीनशे संपले. त्या दिवसापुरती जाहिरात गायब!

पहिले दोन आठवडे बरे गेले. मग सकाळी दहाच्या आत पैसे संपायला लागले. फोन मात्र येईनात. मुंबईतला माणूस शनिवारचा बेत गुरुवारी-शुक्रवारी दुपारी आखतो. त्या वेळी तिची जाहिरात नसायचीच. चार घरं पलीकडे दुसऱ्या एकानं खोल्या काढल्या आहेत. त्याची मात्र दिवसभर दिसायची. तोही माझाच विद्यार्थी, हिच्यापेक्षा दोन वर्षांनी पुढे.

ती माझ्याकडे आली तेव्हा रागानं थरथरत होती. "बाई, तोच मारतोय. सकाळी उठून माझे पैसे संपवतो आणि दिवसभर गिऱ्हाईक ओढतो." तिचे यजमान म्हणाले, "आपणही मारू. त्याचे संपवू." मुलाचं म्हणणं, असं सॉफ्टवेअर मिळतं, आपोआप टिचक्या मारणारं. मी म्हटलं, "जरा थांबा. बसा आधी. चहा घ्या."

आता हा संशय काही वेडगळ नव्हता, हे मी मान्य करते. अशी फसवणूक खरोखर होते आणि ती टिचकीच्या जाहिरातींइतकीच जुनी आहे. टिचकीमागे पैसे घेण्याची पद्धत १९९८ मध्ये अमेरिकेत गो-टू डॉट कॉम या कंपनीनं रुळवली. गूगलची जाहिरात सेवा २००० मध्ये आली आणि २००२ मध्ये तिनंही टिचकीमागे पैसे घ्यायला सुरुवात केली. २००३ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. आपल्या साध्या वेबसाईटवर कुणीही या जाहिराती लावाव्यात आणि टिचकीच्या पैशांतला वाटा घ्यावा, अशी सोय झाली. झालं! आता टिचकी मारण्यात दोघांचा फायदा. एक प्रतिस्पर्धी, जो तुमचे पैसे संपवायला बघतो. दुसरा वेबसाईटवाला, ज्याला वाटा मिळतो. दुसरा तुम्हाला ओळखतही नाही. त्याचं तुमच्याशी वैर नाही. तुम्ही त्याच्या हिशेबातला एक आकडा असता, इतकंच.

यात आपल्या देशाचंही नाव झालेलं आहे बरं का. मे २००४ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त एक बातमी आली होती. मोठ्या शहरांतल्या गृहिणी, पदवीधर मुलं, नोकरदारसुद्धा घरी बसून जाहिरातींवर टिचक्या मारतात आणि महिन्याला शंभर-दोनशे डॉलर कमावतात, अशी. ती बातमी जगभर गाजली. मला त्यातल्या गृहिणींचंच जास्त वाटतं. दुपारची भांडी आवरून एक बाई संगणकापुढे बसते आणि शंभर जाहिराती उघडून मिटते. तिच्या दृष्टीनं ते शिवणकामासारखं, पापड लाटण्यासारखं घरबसल्या काम. पलीकडे कुठल्या तरी गावातल्या दुकानदाराचा गल्ला त्यानं रिकामा होतो, हे तिला कोण सांगणार?

त्याच वर्षी डिसेंबरात गूगलचे तेव्हाचे वित्तप्रमुख जॉर्ज रेयेस यांनी जाहीरपणे सांगितलं की हा प्रकार त्यांच्या धंद्याच्या मुळावर येऊ शकतो. आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या टेक्सारकाना गावच्या एका भेटवस्तूंच्या दुकानानं, 'लेन्स गिफ्ट्स'नं, खोट्या टिचक्यांचेही पैसे घेतले म्हणून कंपन्यांना कोर्टात खेचलं. भेटवस्तूंचं दुकान हो! २००६ मध्ये गूगलनं नऊ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. त्यातला मोठा भाग रोख नव्हता, जाहिरातीसाठीच वापरायची जमा होती. म्हणजे दुधात पाणी घातल्याची भरपाई म्हणून पुन्हा त्याच गवळ्याकडचं दूध.

या खटल्यात न्यूयॉर्क विद्यापीठातले एक प्राध्यापक, अलेक्झांडर तुझिलिन, यांना स्वतंत्र तपासनीस म्हणून नेमलं होतं. कंपनीचे प्रयत्न वाजवी आहेत असा निर्वाळा त्यांनी दिला. पण त्यांच्या अहवालातली दोन निरीक्षणं मला फार महत्त्वाची वाटतात. पहिलं, टिचकीमागचा हेतू बहुतेक वेळा ओळखता येत नाही. एकानं खरंच खोली हवी म्हणून टिचकी मारली, दुसऱ्यानं द्वेषानं मारली. यंत्राला दोन्ही सारख्याच. दुसरं, खोटी टिचकी आम्ही कशी ओळखतो हे कंपनीनं सविस्तर उघड केलं तर लबाड ती युक्ती चुकवायला शिकतील. आणि उघड केलं नाही तर गिऱ्हाइकाला पडताळा घेता येत नाही. विश्वास ठेवायचा, बस!

आमच्या शाळेतलं उदाहरण देते. परीक्षेत दोन पोरांच्या पेपरात एकच चूक सापडते. पानिपतच्या तिसऱ्या लढाईचं साल दोघांनीही १७७१ लिहिलेलं. नक्कल झाली आहे हे दिसतं. पण कुणी कुणाची केली? की दोघांनी एकाच क्लासच्या वहीतून पाठ केलं? पेपर नुसता बघून ते सांगता येत नाही. तरी वर्गात ज्याची आधीच बदनामी झालेली असते त्याच्याचकडे सगळ्यांची बोटं जातात.

म्हणून मी तिला म्हटलं, बखर नको, कागद आण. (इतिहास शिकवलेल्यांना कळेल!) ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, मूळ कागद बघायचे, हे मी तीस वर्षं मुलांना सांगितलं. तेच इथं करायचं. तिच्या मुलानं एका आठवड्याचे दोन कागद काढून आणले. एक जाहिरातीच्या खात्यातला अहवाल: कुठल्या तासाला, कुठल्या भागातून, कशावर जाहिरात दिसून टिचकी आली. दुसरा तिच्या वेबसाईटच्या सर्व्हरवरची नोंद. तिथं आत येणाऱ्या प्रत्येकाची वेळ आणि त्याच्या जोडणीचा आकडी पत्ता आपोआप लिहिला जातो. जाहिरातीवरून आलेल्या पाहुण्याच्या दुव्याला एक लांबलचक शेपूट असतं, त्यामुळे तो ओळखू येतो. मी शंभर पानी वही घेतली, हजेरीपटासारख्या रेघा मारल्या आणि आम्ही दोघी तीन संध्याकाळी बसलो.

आठवड्याच्या टिचक्या १४०. खर्च २१०० रुपये. फोन आले चार. त्यातल्या दोघांनी खोली घेतली, एकानं जेवणाचा भाव विचारून ठेवून दिला आणि एकानं विचारलं, "समुद्र किती लांब आहे?"

आता या १४० कोण होते?

त्यातल्या ५८ टिचक्या शोधणाऱ्यांच्या नव्हत्याच. मोबाईलवरचे खेळ, बॅटरीच्या उजेडाची अ‍ॅपं, कुठल्या कुठल्या वेबसाईटी, तिथं ही जाहिरात दिसत होती. खाते उघडताना एका चौकटीत आधीच बरोबरची खूण होती, 'जाहिरात इतरत्रही दाखवावी' अशी. ती कुणी वाचलीच नव्हती. आलेले सगळे एक-दोन सेकंदांत परत गेलेले. फोनवर फुगे फोडणाऱ्या चार वर्षांच्या पोराचं बोट चुकून जाहिरातीवर पडलं की पंधरा रुपये. यातले काही त्या अ‍ॅपवाल्यांनी मुद्दाम घडवलेले असतील, काही निव्वळ चुकून. ५८ गुणिले १५, म्हणजे ८७० रुपये.

पुढच्या २१ महाराष्ट्राबाहेरून, दोन तर परदेशातून. जाहिरात मुंबई, पुणे आणि रायगड या भागांपुरती ठेवली होती ना? होती. पण तिथंही पाटी अशी होती की 'या भागात असलेले किंवा या भागात रस असलेले'. मुंबईत रस तर साऱ्या जगाला! ३१५ रुपये.

पुढच्या १७ टिचक्यांचं कोडं मजेशीर निघालं. रात्री नऊ ते दहा, वेगवेगळ्या गावांहून, पण दोन-दोन तीन-तीन मिनिटं थांबून फोटो बघितलेले. ती म्हणाली, "बाई, हे खरे गिऱ्हाईक!" मी म्हटलं, "मग फोन का नाही केला?" तेवढ्यात तिचा मुलगा हळूच म्हणाला, "आई, तो आपला ग्रुप आहे." जाहिरात सुरू केल्याचं कौतुक घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झालं होतं. डोंबिवलीचे दीर, इंदूरची मावशी, भाचेसुना, सगळे रात्री जेवणं झाल्यावर शोधून बघत होते, 'दिसते का गं?' आणि दिसली की प्रेमानं टिचकी मारत होते. मावशी तर रोज. २५५ रुपये, आशीर्वादासह :)

उरल्या ४४. त्यातल्या २६ खऱ्या वाटल्या. मुंबई-ठाणे-पुण्याहून आलेल्या, खोल्यांचं पान आणि भावाचं पान दोन्ही बघितलेल्या. ३९० रुपये.

आणि राहिल्या १८. रोज दोन-तीन. सकाळी सहा ते साडेसातमध्ये. बहुतेक एकाच पत्त्यावरून, खोपोली परिसरातून. थेट भावाचं पान उघडायचं, दहा-बारा सेकंद बघायचं, परत जायचं. २७० रुपये.

"बघा! सांगत नव्हते मी?" ती म्हणाली.

आता इथं जरा दम धरायला हवा होता. एक तर पत्ता एक म्हणजे माणूस एक, असं नसतं. आपल्याकडे मोबाईल कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना बाहेर एकाच पत्त्यानं पाठवतात. चाळीत सार्वजनिक नळ असतो तसं. बादली कुणाची भरली ते नळावरून कळत नाही. आणि दुसरं म्हणजे तो कागद तिला वेगळंच काही सांगत होता. २१०० पैकी संशयाचे रुपये २७०. शंभरातले तेरा. न वाचलेल्या एका चौकटीनं ८७० नेले होते, शंभरातले एकेचाळीस. पण चौकटीचा राग येत नाही ना! राग यायला चेहरा लागतो. शेजाऱ्याला चेहरा असतो.

मी तिला एवढंच विचारलं, गौरी-गणपतीला तू त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाणार आहेस की नाही? ती गप्प बसली.

दोन दिवसांनी त्याला मी घरी बोलावलं. तो आला, वाकून नमस्कार केला, खुर्चीच्या काठावर बसला. वर्गातही तसाच बसायचा. मी आरोप केला नाही. सरळ विचारलं, "अरे, तू हिची जाहिरात बघतोस का?"

"बघतो की बाई. रोज सकाळी."

"उघडून?"

"उघडल्याशिवाय भाव कसा कळणार? तिनं शनिवारचा काय लावलाय ते बघूनच मी माझा लावतो."

"तू उघडलीस की तिचे पंधरा रुपये जातात, ठाऊक आहे?"

त्यानं कप खाली ठेवला. थोडा वेळ माझ्या खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असं असतं होय." आणि जरा थांबून, "माझेही जातात, बाई. मला वाटायचं तीच मारते."

मंडळी, त्याचं ते 'असं असतं होय' मी मनात पुष्कळदा उलटंसुलटं करून बघितलं आहे. तोही जाहिरात देतो. टिचकीचे पैसे पडतात हे त्याला माहीत नसेल? स्वतःच्या टिचक्या माहीत असतील, पण दुसऱ्याच्या दारावरच्या टिचकीचा विचार कधी केलाच नसेल, असंही होतं. माणसं आपल्या पाण्याचं बिल बघतात, दुसऱ्याचा नळ उघडा राहिला तर बघत नाहीत. तेरा-चौदा वर्षांच्या पोराचा चेहरा मला वाचता यायचा. पन्नाशीतल्या माणसाचा वाचता येत नाही. तुझिलिनसाहेबांना यंत्राबद्दल जे म्हणायचं होतं ते माणसाबद्दलही खरंच आहे.

पुढच्या आठवड्यापासून सकाळच्या टिचक्या जवळजवळ थांबल्या. पण त्याच आठवड्यात आम्ही जाहिरातीतून कर्जत-खालापूर भागही वगळला होता. खोपोलीचा माणूस खोपोलीत मुक्कामाची खोली थोडाच शोधणार? त्यामुळे टिचक्या त्यानं थांबवल्या की भाग वगळल्यामुळे थांबल्या, ते कधीच कळणार नाही. मला विचाराल तर ते न कळलेलंच बरं. दोघांनाही एकाच आळीत राहायचं आहे.

जाहिरात देणाऱ्या कंपनीकडे (नाव नको) रीतसर तक्रारही केली. तारखा, वेळा, सर्व्हरच्या नोंदी, सगळं नीट तक्त्यात मांडून. आठ-दहा दिवसांनी छापील साच्याचं उत्तर आलं. त्या आठवड्याचे ४६ रुपये त्यांनी आपोआपच अवैध ठरवून आधीच जमा केले होते, बाकीच्या टिचक्या वैध. का वैध, ते नाही. विचारायची सोय नाही.

इथं मला जे खटकतं ते लिहिते. आपल्याकडे वाण्याचा काटा दर ठरावीक मुदतीनं वैधमापन खात्याकडून तपासून, शिक्का मारून घ्यावा लागतो. काटा वाण्याचा असला तरी तपासणारा तिसरा. वर्तमानपत्रांचा खप मालक सांगतील तो खरा मानायचा नाही म्हणून जाहिरातदार आणि प्रकाशक यांनी मिळून १९४८ मध्ये ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था काढली. टीव्हीला किती माणसं बघतात हे मोजायला घरोघरी मीटर बसले. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी त्यातही पैसे देऊन टीव्ही चालू ठेवायला लावल्याचा आरोप केला. पुढे तो खटला सरकारनं मागे घेतला, पण निदान मोजमापावर चार लोक बोलले तरी. टिचकीच्या बाबतीत छोट्या गिऱ्हाइकापुरतं बघाल तर मोजणारा तोच, भाव घेणारा तोच आणि तक्रारीचा निवाडा देणाराही तोच. ते लबाड आहेत असं माझं म्हणणं नाही. पण काट्यावर शिक्का नसला की गिऱ्हाईक वाण्याशी भांडू शकत नाही. मग ते रांगेतल्या पुढच्या माणसाशी भांडतं.

आणि खरे मोठे चोर तर आपल्या आळीत राहतच नाहीत. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं एस्टोनियातली एक टोळी पकडवली. त्यांनी शंभरावर देशांतले सुमारे चाळीस लाख संगणक एका विषाणूनं ताब्यात घेऊन टिचक्या भलत्याच जाहिरातींकडे वळवल्या होत्या आणि किमान एक कोटी चाळीस लाख डॉलर कमावले होते. २०२१ मध्ये अलेक्झांडर झुकोव्ह या रशियन माणसाला न्यूयॉर्कच्या कोर्टानं दहा वर्षांची शिक्षा दिली. त्यानं भाड्याच्या सर्व्हरांना माणूस असल्याचं सोंग देऊन जाहिराती 'बघायला' लावल्या होत्या. या लोकांपुढे भाव बघायला सकाळी उठणारा आमचा शेजारी म्हणजे अगदीच किरकोळ!

आता ज्यांच्या घरी असा छोटा व्यवसाय आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. बाईची सवय, गृहपाठ दिल्याशिवाय तास संपत नाही.

खाते उघडताना आधीच केलेल्या खुणा एकेक करून वाचा. शोधणाऱ्यालाच जाहिरात दाखवायची असेल तर बाकीच्या खुणा काढा. भागाच्या ठिकाणी 'तिथं असलेले' एवढंच ठेवा, 'रस असलेले' नको. जे शब्द नको असतील ते वगळायची सोय असते. आम्ही 'समुद्रकिनारा', 'नोकरी', 'फोटो' वगळले. फोन उचलायला घरात माणूस असेल त्याच वेळात जाहिरात चालू ठेवा. एखादा आकडी पत्ता अडवताही येतो, पण मोबाईलच्या बाबतीत त्याचा भरवसा नाही हे लक्षात ठेवा.

टिचक्या मोजू नका, फोन मोजा. फोनशेजारी वही ठेवा आणि प्रत्येकाला विचारा, "नंबर कुठून मिळाला?" दर रविवारी बेरीज करा. एका खऱ्या गिऱ्हाइकामागे किती रुपये पडले, हा एकच आकडा कामाचा.

संशय आला तर नोंदी जपून ठेवा आणि कंपनीकडे लगेच तक्रार करा, महिनोन् महिने थांबू नका. आपण उलट टिचक्या मारायच्या नाहीत. ते पाप तर आहेच, शिवाय गुन्हाही होऊ शकतो. कायदा आहे: माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा आहे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. पण फसवणूक म्हटलं की हेतू दाखवावा लागतो, आणि तिथंच गाडी अडते.

आणि तक्रार केल्यानंतर 'तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो' असा कुणा अनोळखी माणसाचा फोन आला तर ठेवून द्या. ओटीपी सांगू नका, त्यानं सांगितलेलं अ‍ॅप घेऊ नका. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा.

हा सगळा खटाटोप केल्यावर विद्यार्थिनीचे रोजचे पैसे संध्याकाळपर्यंत पुरायला लागले. टिचक्या निम्म्याहून कमी झाल्या, फोन वाढले. पुढच्या आठवड्यात सात आले, त्याच्या पुढच्यात नऊ. सगळ्या खोल्या भरल्या असं काही झालं नाही. पावसानं दोन शनिवार बुडवले ते बुडवलेच. कर्जाचे हप्ते चालू आहेत. गौरींना ती हळदीकुंकवाला गेली, उशिरा का होईना. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. भावांचं मात्र एक ठरलं आहे असं कानावर आलं. शनिवारचा भाव आता ती दोघं एकमेकांना फोनवर सांगतात. फुकट.

असो. शेवटी एक विनंती आमच्या स्वतःच्या नातेवाईक मंडळींना. पुण्याच्या भाच्यानं बेकरीच्या मालाची जाहिरात सुरू केली आहे, ती दिसते का बघायला तुम्ही सगळे उत्सुक असाल. बघा, पण टिचकी मारू नका. त्यापेक्षा फोन करून पावशेर नानकटाई मागवा. पैसे देऊन.